चपलांपाशी बसणारे काकाजी

रविवारी संध्याकाळी आमच्या बैठकीत प्रार्थना होते. आठ-दहा माणसं, एक सतरंजी आणि सासूबाईंसाठी खुर्ची. सगळे डोळे मिटतात. मी एकच मिटते. सून म्हणून मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आले तेव्हा चुलीवरचं दूध उतू जाईल या धास्तीने ही सवय लागली. पुढे दूध फ्रिजमध्ये गेलं, सवय राहिली.

गेल्या वर्षी समोरच्या घरातले काकाजी प्रार्थनेला यायला लागले. राइस मिलमधून निवृत्त झालेले, घरी देव्हारा, अंगणात तुळस. दाराशी, चपलांपाशी बसायचे. गीत म्हणायचे नाहीत, आमेन तर नाहीच. आणि डोळे दोन्ही सताड उघडे! हल्ली कोणाच्या घरात कोण कशाला जमतं, धर्मांतर तर नाही ना, याची लोकांना फार उत्सुकता असते. हा माणूस आमची खबर बाहेर नेतो, असं माझ्या मनाने घेतलं. प्रार्थना बंद पडली तर सासूबाईंचं काय? गुडघ्यांमुळे त्यांना चर्चपर्यंत जाववत नाही. त्यांचं चर्च म्हणजे हीच बैठक.

"त्यांना येऊ देऊ नका," मी सासूबाईंना म्हटलं.

"काहून? दाराशी तं बसते बिचारा."

"प्रार्थनेत डोळे मिटत नाहीत ते."

"तुले कसं माहीत?"

मी भाजी चिरायला निघून गेले.

पुढच्या रविवारी चर्चचे पाळक शेजाऱ्यावरच्या प्रीतीबद्दल बोलले. मी मान डोलावली आणि नजर दारावर ठेवली. मग प्रार्थना सुरू झाली आणि फाटकाशी मोटारसायकल थांबली. दोन तरुण होते. काकाजी लगेच उठून बाहेर गेले. झालं, यांनीच बोलावलं, असं मनाशी म्हणत मी दारामागे जाऊन उभी राहिले.

"अंदर क्या चल रहा है?"

"अम्मा के घुटनों के लिए प्रार्थना," काकाजी म्हणाले. "मैं हर इतवार यहीं बैठता हूँ. अपने ही लोग हैं. जाओ घर."

तरुण थोडा वेळ घुटमळले, मग गाडी वळवून गेले. काकाजी मागे फिरले तर दारात मी. राग माझा मलाच आला होता, निघाला त्यांच्यावर.

"काकाजी, तुम्ही येता तरी कशाला?"

ते खाली बसले. विस्कटलेल्या चपला जरा सारख्या केल्या.

"तुम्ही सारे डोये मिटून घेता, सूनबाई. मले घरून पाहूनच भेव वाटे. कोनाले तरी उघडे ठेवा लागते न."

खरं सांगते, एवढं ऐकूनही आठवडाभर मी त्यात खोट शोधत होते. सापडली नाही. देवावर माझा पूर्ण भरवसा आहे, असं मी आजवर चारचौघांत म्हणत आले. पण त्यानंतरच्या रविवारी मी दोन्ही डोळे मिटले, ते काकाजी दाराशी येऊन बसल्यावर.