काकूंचे गुडघे आणि माझं फ्रेमवर्क

चहा घ्या सावकाश, तोवर मी माझी फजिती सांगून टाकतो. गावात कोणीतरी ती तुम्हाला सांगणारच आहे, आणि तीही तिखटमीठ लावून. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐकलेली बरी.

मी अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. रोज जैनथकडच्या आमच्या गावातून बसनं आदिलाबादच्या दफ्तरात जातो, संध्याकाळी तसाच हलत डुलत परत येतो. आमच्याकडे तेलंगणात निवृत्ती एकसष्टला, म्हणजे अजून तीन वर्षं हेच. अशा माणसानं घरी येऊन पाय लांब करून पडावं की नाही? पण मुलीनं तिचा जुना लॅपटॉप मला दिला आणि म्हणाली, "बाबा, काहीतरी शिका, डोकं चालू राहील." मी शिकायला बसलो फ्रेमवर्क.

फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइट बांधायची तयार चौकट. लोक फॉर्म भरतात, माहिती डेटाबेसमध्ये साठते आणि पानावर दिसते. सहा महिन्यांत मला एवढंच कळलं, आणि मान अवघडली ती वेगळीच. ऑनलाइन शिकवणारे सर एकदा म्हणाले, "फॉर्म जमा झाला की माणसाला लगेच दुसऱ्या पानावर पाठवा. नाही पाठवलं तर काय होतं, ते पुढच्या धड्यात बघू." पुढचा धडा चाळीस मिनिटांचा होता. मी थकलो होतो, सोडून दिला. थकलो म्हणून आयुष्यात पुष्कळ गोष्टी सोडल्यात मी, पण इतकी महागात कुठलीच पडली नाही.

आता आमच्या गावची रीत ऐका. हनुमान जयंतीला भंडारा असतो. वांग्याची भाजी देवळात शिजते, भाकरी मात्र घरोघरून येतात. चार गावची माणसं जेवतात, हजारेक भाकरी लागतात. लक्ष्मीकाकू तीस वर्षं दारोदार फिरून विचारत आल्यात, "तुमच्या घरून किती?" सगळं तोंडपाठ, कागद नाही. आणि देवाच्या नावानं आकडा सांगितला की तेवढ्या भाकरी द्यायच्याच, नाहीतर घराची शोभा होते.

यंदा काकूंचे गुडघे धरले. फिरणार कोण? देवळात सगळे एकमेकांकडे बघत बसले होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "फिरायचं कशाला? मी ॲप्लिकेशन बनवतो. घरबसल्या मोबाइलवर लिहा."

बनवलं. कुटुंबाचं नाव, भाकरींची संख्या, खाली बटण. वर ठळक हिरव्या आकड्यात एकूण भाकरी. त्या हिरव्या रंगासाठी मी तीन दिवस घालवले. दरवेळी आमच्या घराच्या नावानं पंचवीस भाकरी लिहायच्या, बटण दाबायचं, रंग बघायचा. पसंत नाही पडला की बदलायचा आणि पान रिफ्रेश करून पुन्हा बघायचा.

दुवा गावाच्या ग्रुपवर टाकला. चार दिवसांत एकूण पंधराशे. माझी छाती फुगली. मी ग्रुपवर लिहिलं, "भाकरी पुरेशा झाल्या, आता कोणी लिहू नये." आणि काकूंना सांगायला गेलो. त्या ओट्यावर गुडघ्यांना तेल चोळत बसल्या होत्या.

"पंधराशे? मधू, गावात घरं किती हायेत रे?"

"नव्वद."

"मंग एवढ्या कोन थापून राह्यलं?"

"लोकांची श्रद्धा वाढली, काकू."

"श्रद्धा मले नोको सांगू. कोनाच्या घरी बिमारी हाये, कोनाची जवारी किडली, मले सारं ठाऊक राह्यते. तुह्या मशीनले ठाऊक हाये का?"

मी म्हणालो, "काकू, मशीन बेरजेत चुकत नाही." तेवढं मात्र खरं निघालं. बेरीज बरोबरच होती.

भंडाऱ्याचा दिवस. ऊन असं की चप्पल पायाला चिकटते. पंगत बसली, भाजीचा वास सुटला. भाजी करणारा राजन्ना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सारू, रोट्टेलु येक्कड?" म्हणजे साहेब, भाकरी कुठंयत? बघतो तर तीनशेच्या आसपास. पहिली पंगतही उठली नसती. बाहेरगावची माणसं पत्रावळीवर पाणी शिंपडून बसलेली, आणि गावाची अब्रू माझ्या मोबाइलमध्ये.

मला राग आला. हो, मलाच. लोक लिहितात आणि आणत नाहीत म्हणजे काय? मी माईक हातात घेतला आणि दफ्तरातल्या आवाजात म्हणालो, "ज्यांनी देवाच्या नावानं भाकरी लिहून आणल्या नाहीत, त्यांची नावं मी वाचणार आहे. वाईट वाटून घेऊ नये."

मी यादी उघडली. तोवर मी यादी कधी उघडलीच नव्हती, तो हिरवा आकडाच बघत होतो. सर्वांत आधी लिहिलेलं नाव सर्वांत वर.

"मधुकरराव, पंचवीस," मी वाचलं. लोक कौतुकानं हसले. आधी स्वतःचं नाव घेतो, माणूस सरळ आहे.

"मधुकरराव, पंचवीस."

"मधुकरराव, पंचवीस."

माईकवाला धावत आला आणि त्याची पेटी ठोकून बघू लागला. त्याला वाटलं आवाज अडकला. मी बोटानं यादी खाली सरकवत राहिलो. छत्तीस वेळा मधुकरराव. छत्तीस गुणिले पंचवीस, नऊशे.

तेव्हा कळलं तो सोडलेला धडा कशाचा होता. दुसऱ्या पानावर नेलं नाही, तर रिफ्रेश केलं की तोच फॉर्म पुन्हा जमा होतो. माझ्या रंगाच्या नादात आमच्या भाकरी छत्तीस पट झाल्या, आणि दुवा टाकण्याआधीच आकडा नऊशेवर गेलाय हे मला दिसलंच नाही. बाकीच्यांचंही तेच. गावात नेटवर्क धड नाही, गेलं की नाही बघायला लोकांनी रिफ्रेश केलं. फोननं इंग्रजीत काहीतरी विचारलं, लोक हो म्हणाले. आपण फोनला कधी नाही म्हटलंय? आणि ज्या साठ घरांनी लिहिलंच नव्हतं, त्यांना मी स्वतः थांबवलं होतं.

बायकांच्या रांगेतून आमच्या सुमनचा आवाज आला. "अहो, म्या पंचवीस आनल्या ना. बाकीच्या कोन थापनार व्हता?"

लाज वाटली हो. खूप वाटली. पण काकू काठी टेकत उठल्या. यादी नाही, मोबाइल नाही. "शांते, तुह्या घरी पीठ दळेल हाये, वीस आन. रुक्मे, तुही सून मोकळी हाये, तिले बसव. सुमन, चूल पेटव." अशी चाळीस घरं उभ्या जागी मोजली. राजन्नानं तोवर भात टाकला. पंगत दोन तास उशिरा उठली, पण पोटभर जेवून उठली.

मला वाटलं, मिटलं. संध्याकाळी मी काकूंच्या पाया पडलो. त्या म्हणाल्या, "ते सारं ठीक हाये. पन देवाच्या नावानं नऊशे लिहिल्या तू. पंचवीस आल्या."

"काकू, ती मशीनची चूक होती."

"मशीन चुकत नाही म्हने."

मी सुमनकडे बघितलं. ती म्हणाली, "माह्याकडे काऊन पाहून राह्यले? म्या नाही लिहिल्या."

तेव्हापासून दर शनिवारी पहाटे मी स्वतःच्या हातानं पाच भाकरी थापतो आणि मारुतीला नेऊन देतो. पहिल्या शनिवारची भाकरी काकूंनी उलटसुलट करून पाहिली आणि गायीला घातली. गायीनं हुंगली आणि तोंड फिरवलं. ती मोजणीत धरली नाही.

आठशे पंच्याहत्तर भाकरी, आठवड्याला पाच. किती झाल्या ते सुमन कॅलेंडरवर पेनानं लिहिते, संगणकात ठेवू का विचारायची माझी हिंमत झाली नाही. नोकरीतून मी तीन वर्षांत सुटेन. भाकरीतून सुटायला त्यानंतरही काही महिने लागतील.