पांढऱ्या कपड्यातली बाई

निघोज्यात आमच्या घरी त्या वर्षी एकच विषय होता, माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, काय करायचं. नवरा लष्करात होता, तो जाऊन दोन वर्षं झालेली. आक्का बावीस वर्षांची, अंगावर पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. पिंपरीच्या नव्या कारखान्यातला एक बिजवर मागणी घालून गेला होता. आई ऐकायलाच तयार नव्हती. "आपल्यात न्हाई असलं काही," एवढंच.

अशात देहूरोडच्या छावणीत शिपायांच्या घरच्यांसाठी सिनेमा ठेवला. आम्ही तिघी बैलगाडीनं गेलो. भरदुपारी बराकीच्या खिडक्यांना घोंगड्या लावलेल्या. सिनेमा विलायती, लढाईचा. एक शब्द कळेल तर शपथ! त्यात तरण्या पोरींना कामं दोनच. स्टेशनात रुमाल हलवायचा, नाहीतर जखमी शिपायाच्या उशाशी बसून गोड हसायचं. मला तेव्हाही राग आला होता. दुसरा उद्योग नाही का बाईला?

उशाशी बसणारी नखशिखांत पांढऱ्यात. ना कुंकू, ना बांगडी. आईनं आक्काला कोपरानं ढोसलं. "ही बी इधवाच का गं?"

"व्हय आय. नवरा लढाईत गेला तिचा," आक्का म्हणाली.

आणि पुढच्याच घडीला त्या शिपायानं तिचा मुका घेतला की हो! बराकीत एकच गलका. बायांनी तोंडावर पदर घेतले, मी बोटांच्या फटीतून बघितलं. शेवटी तर दोघांचं लग्नच लागलं, झगेवाल्या भटजीसमोर. नवरीही पांढऱ्यातच. आईचा आ वासलेला तो मिटेना.

"अगं बया, इधवेचं लगीन! आन् तिची आय बी हसतीया!"

आठ दिवसांनी आईनं पिंपरीला होकार कळवला.

पुढं माझ्या बाळंतपणात दवाखान्यात एक नर्स उशाशी आली, तशीच पांढऱ्यात, आणि मी ताडकन उठून बसले. अगं आई गं, सिनेमातली ती बाई नर्स होती! एवढ्या मोठ्या गोष्टीत आम्ही सगळ्या फसलो होतो. दुपारी आक्का भेटायला आली, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी घाबरत घाबरत तिला सांगितलं.

"मला तवाच म्हाईत व्हतं," ती मोसंबं सोलत म्हणाली. "पहिले मालक गेले तवा मिलिटरीच्या दवाखान्यात पंधरा दिवस तसल्याच बायांनी सांभाळलं मला. पर आयला खरं सांगितलं असतं, तर आज बी त्याच लुगड्यात असते मी."