जड पॉवर सप्लाय

जळक्या वायरचा वास आला की तो पॉवर सप्लाय आठवतो. माझ्या कॉम्प्युटरच्या नव्या ग्राफिक्स कार्डाला जुना पुरत नव्हता, म्हणून वडिलांना घेऊन दुकानात गेलो. त्यांचा जन्म एमआयडीसीत चादरी विणण्यात गेलेला; हातावर तोलून ते माल ओळखायचे. तसाच त्यांनी दुकानदारानं पुढे केलेला पॉवर सप्लायचा डबा तोलला. “लई जड हाय की! हाच घे.” दुकानदार गालात हसला. घरी तो बसवून, कार्ड जोडून कॉम्प्युटर चालू केला, तर फाटकन आवाज झाला आणि धूर निघाला. उघडून बघितलं, तर आत वजनासाठी सिमेंटचा गोळा चिकटवलेला! वडिलांना घेऊन परत गेलो आणि तो गोळा दुकानदाराच्या काउंटरवर आपटला. “वजन तुमीच बघून घेतलं की,” तो म्हणाला. वडील मान खाली घालून उभे. हल्ली चादर घ्यायची असली तरी ते ती तोलत नाहीत, मला विचारतात, “चांगली हाय का रे?” तेव्हा तो दुकानदार आठवून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.