दियामांतोच्या नवऱ्याची हाडं

दियामांतोला उरलेल्या आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, नवऱ्याची हाडं पिवळी निघावीत. बाकी सगळ्यावर तिने पाणी सोडलं होतं.

तिचा नवरा आर्गिरीस आणि त्याचा भाऊ लाम्ब्रोस यांच्यात अक्रोडाच्या झाडांवरून वाद झाला. आर्गिरीसने बायबलवर हात ठेवून खोटी शपथ घेतली आणि झाडं लाटली. त्यावर लाम्ब्रोस चर्चच्या अंगणात सगळ्यांदेखत म्हणाला, "माती तुला खाणार नाही." आमच्याकडे याहून वाईट शाप नाही. पुढे एका बर्फाच्या हिवाळ्यात आर्गिरीस छातीच्या दुखण्याने गेला, आणि दियामांतो शापित माणसाची विधवा झाली. बायका तिला वाईट बोलत नसत. चर्चमध्ये बाकावर शेजारी बसत नसत, एवढंच. आमच्या डोंगरातली माणसं अशीच आहेत, दगडावर दगड ठेवून बांधलेली.

काही वर्षांनी कबर उघडायची, हाडं वाइनने धुवायची आणि पेटीत भरून चर्चमागच्या खोलीत ठेवायची, ही आमची रीत. हाडं मेणासारखी पिवळी निघाली तर जीव सुटला. देह तसाच निघाला तर शाप खरा. दियामांतो रोज संध्याकाळी कबरीवर दिवा लावायची आणि मातीला विनवायची, "खा बाई त्याला, खा."

तिची मुलगी एवान्थिया शहरात नर्सिंग शिकत होती. शाळेत प्लास्टरचा एकच सांगाडा होता आणि त्याला उजवा हात नव्हता. म्हणून घरी आली की ती आईच्याच अंगावर धडा गिरवायची. खांद्याजवळ बोट टेकवून म्हणायची, "ही जत्रुकास्थी. ही स्कंधास्थी. ही भुजास्थी." आई कणीक मळता मळता अंग चोरायची आणि हसायची. "एवढी नावं माझ्या अंगात आहेत होय? आणि मी आपली नुसतं 'दुखतं' म्हणते." मला शेजारणीला दियामांतो दोनदा सांगून गेली होती की पोरगी वर्गात पहिली येणार.

कबर उघडायचा दिवस ठरला तेव्हा एवान्थियाची परीक्षा तोंडावर होती. तरी आली. खरं सांगायचं तर बापासाठी कमी, हाडांसाठी जास्त. तिने खरी हाडं कधी हातात धरलीच नव्हती.

सकाळीच अख्खा गाव जमला. लाम्ब्रोस भिंतीला टेकून उभा होता, हात खिशात. मी आणि दियामांतो खड्ड्यात उतरलो. फावड्याचं काम संपल्यावर हातांनी माती बाजूला करत गेलो. आणि डोकं वर आलं. पिवळं, गुळगुळीत, स्वच्छ.

दियामांतोने ते छातीशी धरलं. तिचा हंबरडा ऐकून मलाही राहवलं नाही. वर बायका छातीवर क्रॉसची खूण करत म्हणाल्या, "सुटला गं, सुटला." जी बाई इतकी वर्षं हिच्याजवळ बसली नव्हती, तिने हात देऊन हिला वर ओढलं. लाम्ब्रोसने खिशातून हात काढले आणि टोपी उतरवली.

आता मला दिसलं ते सांगते. पायांकडच्या मातीत बाईच्या बुटाची टाच होती. उंच, निमुळती. वर येण्याआधी दियामांतोने ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि पायाने मातीत दाबून टाकली. मी त्यावर माती लोटली. शेजारची कबर पोलिक्सेनीची, आर्गिरीस गेला त्याच आठवड्यात गेलेली. मध्ये कबरींना कठडे बांधताना चर्चची घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याने लाकडी क्रॉस काढले होते आणि परत रोवले होते. ह्याचा तिच्यावर आणि तिचा ह्याच्यावर रोवला असणार, ते उघड होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. मेलेल्यांना काय फरक पडणार होता?

वर बायका हाडं धूत होत्या. एवान्थिया एकेक हातात घेऊन नाव सांगत होती, आणि म्हाताऱ्या कौतुकाने माना डोलवत होत्या.

"आणि हे गं, डॉक्टरीणबाई?"

"ऊर्वस्थी. मांडीचं."

"आणि हे?"

"श्रोणी," ती म्हणाली आणि थांबली. तिने ते कमरेचं हाड फिरवून पाहिलं, खालच्या कमानीत अंगठा घालून पाहिला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःख नव्हतं. पेपरात नेमका पाठ असलेला प्रश्न यावा, तसा तो चेहरा होता.

"हे बाबा नाहीत," ती मोठ्याने म्हणाली. "ही बाई आहे. कमान बघा किती रुंद आहे. पुरुषाची अरुंद असते."

"गप बस," दियामांतो म्हणाली.

"अगं आई, पण पुस्तकात..."

"गप बस म्हणते ना."

पण तोवर पोलिक्सेनीचा मुलगा फोतिस पुढे आला होता. "म्हणजे माझ्या आईला धुऊन तुम्ही दुसऱ्याच्या नावाने रडताय?" त्याने ते डोकं दियामांतोच्या हातातून ओढून घेतलं. आणि लाम्ब्रोस टोपी परत घालत म्हणाला, "मग शेजारची उघडा की. बघू तरी माझा भाऊ."

पाद्री नको म्हणत होता. कोण ऐकतंय? ती कबर उताराला, पाणी मुरणारी. शवपेटीची फळी उचलली आणि बायका तोंड दाबून मागे सरल्या. आर्गिरीस होता तसा होता. सूट, मिशा, हात छातीवर. लाम्ब्रोसने हात परत खिशात घातले.

एवान्थिया ज्याला त्याला समजावत सुटली. "हा शाप नाही. ओल्या चिकणमातीत हवा लागत नाही, मग अंगातल्या चरबीचा साबणासारखा थर होतो. शरीराचा नियमच आहे तो." एकेक करून सगळे निघून गेले. शेवटी ती हे पाद्र्याच्या गाढवालाच सांगत होती. आर्गिरीसला परत पुरलं ते पाद्री, दियामांतो आणि मी, तिघांनी.

त्यानंतर दियामांतो त्या कबरीवर एकदाही गेली नाही. ती चर्चमागच्या खोलीत जाऊन पोलिक्सेनीच्या पेटीपुढे दिवा लावू लागली. फोतिसने खोलीला कुलूप घातलं. मग ती दारात लावू लागली. त्याने तो लाथेने उडवला. गाव हसलं. अजून हसतं.

एवान्थिया पहिली आली. मिठाईचा डबा घेऊन घरी आली तेव्हा मी तिथेच होते. आईने डबा घेतला नाही. पोरगी रडकुंडीला आली. "मी खोटं बोलले का? तूच सांग."

"नाही. खरंच बोललीस. तुझ्या आधी मला कळलं होतं."

"मग तू का नाही बोललीस?"

दियामांतो म्हणाली, "त्याच्या जागी मला ती चालली असती गं." आणि चुलीकडे तोंड करून बसली.