पाचकोनी सोनं

लॅबमध्ये वर्षानुवर्षं काढली की डिग्री एकच मिळते, किस्से मात्र पोतंभर! ऐंशीच्या दशकात पवईच्या आमच्या लॅबमधले निम्मे किस्से एकट्या सावंतचे.

आमचं काम सोन्याचं. मिठाच्या खड्यावर सोन्याची वाफ बसवायची आणि तिचे कण कसे वाढतात ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघायचं. नाहूरला सावंतच्या आईने चाळभर सांगितलं, "माझो झील सोना करता!" शेजारच्या काकूंनी त्याला जिन्यात गाठलं.

"बांगड्या कधी करतोस रे?"

"काकू, माझं सोनं डोळ्यांना दिसत नाही."

"आमचं तरी कुठे दिसतं? सासूच्या ट्रंकेत असतं!"

*

आमच्या सरांना सिमेट्रीचं वेड. भाजीला जाताना दोन्ही हातांत पिशव्या, एक रिकामी असली तरी! म्हणायचे, "क्रिस्टल असो की माणूस, एकाच बाजूने वाढला की वाट लागली!"

*

आणि सावंतचे बरेच कण निघाले पाचकोनी! सर भडकले. "क्रिस्टलमध्ये पाचाची सिमेट्री बसतच नाही. पाचकोनी लाद्या जोडून बघ, फटी राहतात. तुझ्या घरी आहे का एक तरी पाचकोनी लादी?"

"आमच्याकडे कोबा आहे, सर."

फोटो, निगेटिव्ह, सगळं फेकायचा हुकूम सुटला. मला फार वाईट वाटलं. निगेटिव्ह गेल्या. फोटोंचा कागद मात्र जाड, गुळगुळीत. ते सावंतने घरी नेले आणि आईने फळीवर डब्यांखाली अंथरले.

*

मग सावंतची व्हायवा. बाहेरून आलेले एक्झामिनर थिसिस चाळून म्हणाले, "सोन्याचे इतके बारीक कण आणि पाचकोनी एकही नाही? अहो, लहान असताना पाच तुकडे एकमेकांना बिलगतात, फट ताणून भरून काढतात. ते दाखवल्याशिवाय मी सही करणार नाही!"

सर छताकडे बघायला लागले. सावंत माझी स्कूटर घेऊन नाहूरला सुटला. परत आला तेव्हा मागे आई, फोटो छातीशी घट्ट धरून. ती ते त्याच्या एकट्याच्या हाती देईना.

एक्झामिनरनी भिंग लावलं. पाचही बाजू चोख! तेवढ्यात ते थबकले. "कणाभोवती ही पिवळी रिंग कसली?"

सर पुढे वाकले आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा! काय सिमेट्री आहे!"

"हळदीचो डबो तो," आई म्हणाली.

एक्झामिनरनी हसत हसत सही ठोकली. आम्ही टाळ्या वाजवल्या. आई मात्र हात पुढे करून उभीच.

"झाली मां सही? मगे फोटो परत द्या. फळी उघडी पडली हा."