पाव पालथा ठेवू नये

सिंगापूरला आमच्या चांगी बिझनेस पार्कातल्या ऑफिसात एक उझबेक बाई आहे. ती पावाला सुरी लावत नाही, पालथा ठेवत नाही. मी मुद्दाम पालथा केला की हातावर चापट मारते, असं चालत नाही म्हणून बजावते, "अंकल, कान्ट लाह!"

परवा तिच्याच देशातला एक कापूससम्राट जेवायला आला, आमचा बडा क्लायंट. काय थाट! पावाला बोटं पुसून त्याने तो टेबलाखाली टाकला. तिने वाकून उचलला, ओठांना, मग कपाळाला लावला.

"अजून खेडवळच!" तो हसला.

"तुमच्या शेतात दिवसभर कापूस वेचून माझी आई एवढाच पाव घरी नेते."

आमच्या साहेबांनी तिला तिथल्या तिथे त्याची माफी मागायला लावली. इथे राहून काम करायचा परवाना, वर्क पास, साहेबांच्या हातात; तिने मागितली. पाव मात्र छातीशी धरूनच.