धोपटण्याचा आवाज

ठाण्याला मासुंदा तळ्याच्या पलीकडच्या काठावर एक बाई रोज गोधड्या धुवायची. नाव मी कधी विचारलं नाही. लाकडी धोपटणं डोक्यावरून खाली आणायची आणि प्रत्येक फटक्याला ‘हुं’ करायची. स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं, मी मॅट्रिकला होते. एका सकाळी अलीकडून बघते तर काय, धोपटणं आपटून पुन्हा वर निघालं आणि मग कुठे ‘धप्प’ ऐकू आलं! प्रकाश आधी पोचतो, आवाजाच्या लाटा मागून येतात, हे आदल्याच दिवशी वर्गात शिकलेलं. वळसा घालून मी धावतच तिला सांगायला गेले.

तिने डोळे मोठे केले. ‘‘फटका माजा, न् मजा तुजी? धर गो ह्ये!’’ धोपटणं माझ्या हातात कोंबून ती वळसा घालून माझ्या काठाकडे पळाली.

मी आपटलं. ती तिकडे टाळ्या पिटत नाचायलाच लागली. ‘‘अजून एकदा गो, जोरान!’’

असं करता करता अख्खं बोचकं धुऊन झालं. हात भरून आले तेव्हा कुठे मला कळलं, तिचं काम मीच उरकलंय. मान वर केली, तर ती पोट धरून हसत होती. एकच हसू मला दोनदा मिळालं, आधी डोळ्यांना आणि मग कानांना.